कादंबरीतल्या शिव्या

तालुक्याच्या वाचनालयात एका दारुड्या लेखकाची कादंबरी आली. त्यानं त्यात स्वतःचंच आयुष्य सांगितलं होतं, पिऊन बायकोला दिलेल्या शिव्यांसकट, काहीही न गाळता. ग्रंथपाल कुंदा मेश्राम यांनी ती महिला मंडळात वाचायला घेतली आणि तिसऱ्याच बैठकीला वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब दरेकर दारात येऊन उभे राहिले.

"बाई, असली घाण आमच्या लेकीसुनांच्या कानावर घालता? हे पुस्तक आज रद्दीत जाईल आणि उद्यापासून तुम्हीही घरी बसा."

कुंदाबाईंच्या घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. समोरच्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या. पहिल्याच रांगेत आबासाहेबांच्या पत्नी सुमित्राबाई बसल्या होत्या.

"साहेब, तुमचं म्हणणं मला मान्य आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "ज्या बाईनं यातली एकही शिवी स्वतःच्या घरात कधी ऐकली नसेल, तिनं हात वर करावा. एक जरी हात वर आला, तरी मी पुस्तक रद्दीत टाकते आणि राजीनामाही देते."

बोलून गेल्यावर त्यांच्या मनात आलं, घरच्यांच्या धाकानं कुणी हात वर केलाच तर?

आबासाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शेवटी ती पत्नीवर रोखली. सुमित्राबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

आबासाहेब निघून गेले. मग सुमित्राबाई हळूच म्हणाल्या, "वाचा बाई, पुढचं पान."