'आस्कोल्तारे'चा वापर

मिलानमध्ये बारा वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करून परतलेली वसईची फिलोमिना लोपीस कॉलेजात इटालियन शिकवण्याच्या नोकरीसाठी मुलाखतीला बसली होती.

"'आस्कोल्तारे' या क्रियापदाचं मूळ, अर्थ आणि वापर सांगा," प्राध्यापक घैसास गुरकावले. तिनं तोंड उघडलं, तोच म्हणाले, "मूळ लॅटिन! अर्थ, लक्ष देऊन ऐकणं! आयाबाईंना हे कुठून ठाऊक असणार?"

अर्धा तास ते बोलतच राहिले. ती चारदा "सर" म्हणाली, चारदा त्यांनी तिला गप्प बसवलं. वर दहापैकी शून्य गुण दिले.

फिलोमिनाचं डोकंच फिरलं. "सर, मूळ तुम्ही सांगितलंत, अर्थही तुम्हीच सांगितलात. वापर मात्र अर्धा तास मी एकटीच करतेय!"

घैसासांशेजारी बसलेल्या प्राचार्यबाईंनी गुणांचा कागद ओढला आणि शून्याआधी एक काढला.