पाचवी रेघ

फार जुन्या काळी चीनमध्ये, पीत नदीच्या काठच्या एका गावात, एक वृद्ध आचार्य शकुन पाहत असत. वाळलेल्या काड्यांची वाटणी करून ते एकावर एक सहा रेघा काढीत. काही सलग, काही मधोमध तुटलेल्या. एखादी रेघ बदलणारी निघाली, की ती बदलून दुसरी आकृती मांडायची. पहिली आकृती आजची, दुसरी पुढची, असा प्रघात होता.

एका दुपारी गावातली एक स्त्री आली. नवरा सीमेवरच्या चौकीत, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. भिंतीचा आधार घेतच ती खाली बसली.

"हे कधी संपेल, एवढंच विचारायचं आहे," ती म्हणाली.

आचार्यांनी रेघा काढल्या. आकृती कोंडीची आली. खालून पाचवी, सलग रेघ तेवढी बदलणारी होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या शिष्याने चटकन ती तोडून दुसरी आकृती मांडली आणि समाधानाने म्हणाला, "सुटका. लवकरच सुटका आहे, बाई."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे सासूबाई जाणार? मी हे मागायला आले होते का?"

आचार्यांनी आपली चटई पसरली. "मुली, तू इथे नीज. तोवर आम्ही तुझ्या घरी बसतो."

ती नको नको म्हणत राहिली. पण डोकं टेकताच तिचा डोळा लागला.

तिच्या घरी दोघांनी म्हातारीला कुशीवर वळवलं, अंथरूण बदललं. शिष्याची पाठ भरून आली. "गुरुजी, अर्थ तर मी बरोबर सांगितला होता. मग आपण इथे का आलो?"

"बदलणाऱ्या रेघेला आपल्या विद्येत काय म्हणतात?"

"वृद्ध रेघ."

"तरुण रेघा बदलत नाहीत, त्यांच्यात अजून बळ असतं. जी सोसण्याच्या शेवटाला पोचते, तीच तुटते. तू पुढची आकृती पाहिलीस. मला ती रेघच समोर बसलेली दिसली." आचार्य थोडा वेळ दम खात थांबले. "सुटका कोणत्या वाटेने येईल, हे काड्या सांगत नाहीत. ती कुणाच्या मरणानेच येईल, असं का धरून चालायचं? माझ्याने फार होत नाही आता. एक दुपार तेवढी होते."

शिष्याने चुलीवर पेज ठेवली.

दिवस कलताना ती लगबगीने घरी आली. शिष्य म्हातारीला पेज भरवत होता. तिने वाडग्यासाठी हात पुढे केला.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "उद्या दुपारीही मी येईन."

हात मागे घेऊन ती उंबऱ्यावर बसली, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.