बिनठशाची पायघडी

कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक वैद्यशाळा होती. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोड हवं असेल त्यानं गूळ खावा.

राजधानीत वस्त्या दोन. टेकडीवर फरसआळी. तिथं दगडी फरसबंद रस्ते आणि गोरीगोमटी माणसं. खाली ओढ्याकाठी भट्टीआळी. तिथली माणसं काळी, कधीकाळी दूरच्या मुलखातून आलेली. त्यांची बोली वेगळी, देव वेगळे. ती विटा पाडायची, भाजायची. वैद्यशाळेची वीट न् वीट त्यांच्याच भट्टीतली होती.

शाळा राजाची, म्हणजे सगळ्यांची. घराघरातून तिला धान्य जायचं, वरूनही आणि खालूनही. शाळा काढली ती एका म्हाताऱ्या वैदिणीनं. पहिल्या दिवशी तिनं दारापासून आपल्या बैठकीपर्यंत पांढरीशुभ्र पायघडी अंथरली. लोक म्हणाले, "अगं आजी, कुणी राजा येणार आहे का?"

म्हातारी म्हणाली, "राजाला कसली घालता पायघडी! शिकायला येणारं पोर राजापेक्षा मोठं. त्याच्यासाठी आहे ही."

पोरं यायची, पायघडीवरून धावत आत शिरायची. तांबडे ठसे, काळे ठसे, धुळीचे करडे ठसे. संध्याकाळी म्हातारी ते बघत बसायची आणि म्हणायची, "आज सगळं गाव आलं हो!" मग ती पायघडी भट्टीआळीतल्या बायका ओढ्यावर धुवायच्या.

म्हातारी गेली. तिच्या जागी फरसआळीचे एक मोठे गुरुजी आले. माणूस विद्वान, वाईट म्हणवत नाही. पण त्यांनी पायघडीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "विद्येच्या दारात ही घाण? इतके डाग?"

त्या दिवसापासून नियम झाला. ज्याच्या पावलाचा ठसा पायघडीवर उमटणार नाही, तोच आत. शिकायला येणाऱ्यालाही हा नियम, आणि शिकून वैद्य झालेला बाहेरून परत आला तर त्यालाही. ठसा उमटला की त्याला शाळा बंद. का, तर म्हणे स्वच्छ पाऊल म्हणजे स्वच्छ मन.

"नियम सगळ्यांना एकच," गुरुजी अभिमानानं सांगायचे. "माझा नातूसुद्धा याच पायघडीवरून चालत आला."

आला खरा! मेण्यातून उतरला, मखमली जोडे काढले आणि चार पावलं चालला. त्याच्या टाचेला माती लागायची कुठून? आणि भट्टीआळीतलं पोर गुडघाभर तांबड्या चिखलातून टेकडी चढून यायचं. ते दारातूनच परत जायचं. हळूहळू यायचीच बंद झाली पोरं. मग फरसआळी म्हणू लागली, "बघा, त्यांना शिकायचंच नाही."

भट्टीआळीत येसू नावाची एक मुलगी होती. तिची आई रोज ती पायघडी धुवायची. हातांना परवानगी होती, पायांना नव्हती. आळीत वैद्य एकही नव्हता. येसूचा धाकटा भाऊ साध्या खोकल्यानं गेला, तेव्हा तिनं ठरवलं की आपण वैद्य व्हायचं. पोरगी हट्टी होती.

"बा, मला वर न्यायचं," ती म्हणाली.

"अगं, आपल्या टाचा बघ. भेगा हायत का वावरातल्या चिरा?" बाप म्हणाला. "त्यात पिढ्यांची माती बसलीया."

"घासून काढते."

आणि तिनं घासल्या. कितीतरी दिवस ती वजरीनं टाचा घासत होती. आई म्हणायची, "पुरे गं माझे बाय, सालं निघाली." येसू ऐकेना. पायघडीच्या परीक्षेच्या सकाळी बापानं तिला खांद्यावर घेतलं. पोरगी मोठी होती, वाट चढाची होती, पण त्यानं तिला जमिनीवर टेकू दिलं नाही. थेट उंबऱ्याशी उतरवलं.

येसू पायघडीवर निघाली. एक पाऊल, कोरं. दुसरं, कोरं. बाप श्वास रोखून उभा. पोरगी गुरुजींच्या बैठकीशी पोचली, वाकून नमस्कार केला, आणि द्वारपाल ओरडला, "ठसा!"

मागे पायघडीवर एक लाल टिपका होता.

"माती न्हाई ती, गुरुजी," येसू म्हणाली. "घासून घासून टाच फुटली. रगत हाय ते माझं."

गुरुजींनी वाकून पाहिलं. रक्तच होतं. त्यांना क्षणभर वाईटही वाटलं. पण ते म्हणाले, "बाळ, एकीसाठी नियम मोडला तर तो नियम कसला? ठसा तो ठसा."

बापानं पोरीला पुन्हा खांद्यावर घेतलं नाही. आता काय राखायचं होतं? दोघं चिखलातून चालत खाली गेली. तो डाग त्या दुपारी आईनंच धुतला.

वर्षं गेली. एका पावसाळ्याच्या शेवटी भट्टीआळीत ताप आला. असा ताप कुणी पाहिला नव्हता. अंग फणफणायचं, जीभ काळी पडायची आणि माणूस जायचं. येसूचा बाप धावत वैद्यशाळेच्या दारात गेला. एक तरुण वैद्य त्याच्याबरोबर निघाला. तो गुरुजींचा नातूच. मुलगा मनानं चांगला होता. पण जिथं फरशी संपते आणि चिखल सुरू होतो, तिथं तो थांबला.

"रस्ता वाळू दे काका, मग येतो," तो म्हणाला. "पाय भरले तर मला परत आत घेणार नाहीत."

रस्ता वाळायच्या आधी येसूची आई गेली. मागोमाग बापही गेला. भट्ट्या विझल्या. वरून कुणी बघायला आलं नाही, की ताप कसा आहे, कुठून येतो, कशानं उतरेल.

आता मला सांगा, तापाला कुणी पायघडी घालतं का? त्याला द्वारपाल अडवतो का? ओढ्याचं पाणी दोन्ही आळ्यांचं एकच. ताप टेकडी चढला. फरसआळीत घरोघरी माणसं फणफणली. वैद्यांनी पोथ्या उलटल्यापालटल्या, काढे उकळले. पण हा ताप त्यांच्यातल्या एकानंही जवळून पाहिला नव्हता. आंधळ्यासारखे चाचपडत राहिले.

आणि मग नातवाची जीभ काळी पडली.

गुरुजी उठले. जन्मात पहिल्यांदा ते अनवाणी टेकडी उतरले. चिखलात घोट्यापर्यंत रुतले, पडले, उठले. भट्टीआळीत जे कुणी जगलंय त्याला विचारू, म्हणत होते. काहीतरी उपाय सापडला असेलच यांना.

विझलेल्या भट्टीपाशी येसू बसली होती. ताप येऊन गेलेली, हाडं उरलेली.

"पोरी, तू वाचलीस!" गुरुजींनी तिच्यापुढे हात जोडले. "काय घेतलंस? कुठला पाला, कुठलं मूळ? सांग, माझा नातू जातोय गं!"

येसूनं त्यांना ओळखलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काय बी घेतलं न्हाई," ती म्हणाली. "नशिबानं वाचले. ताप चढतो कसा, ते माझ्या आयबापाच्या उशाशी बसून बघितलंय, गुरुजी. उतरवायचा कसा, ते शिकायलाच तर आले हुते तुमच्याकडं."



गुरुजी तसेच धावत वर गेले. शाळेच्या दारात द्वारपाल नव्हता, तोही तापानं गेला होता. पायघडी तशीच अंथरलेली होती, पांढरीशुभ्र, कोरी. तिच्यावरून गुरुजींची तांबडी पावलं उमटत गेली, थेट बैठकीशी घातलेल्या नातवाच्या अंथरुणापर्यंत. नातू गेला होता. त्याचे पाय चादरीबाहेर आले होते, स्वच्छ, एकही डाग नसलेले.

गुरुजींनी मग हुकूम सोडला की पायघडी धुवायची नाही, येईल त्याला आत घ्या, ठसे उमटू द्या. पण धुणारी मेली होती, आणि येणारी पोरं दोन्ही आळ्यांत उरली नव्हती. येसू शेवटपर्यंत टेकडी चढली नाही.

म्हणून ध्यानात ठेवा, लहानांनी आणि मोठ्यांनीही: ज्या शाळेत सगळ्या गावाची पावलं उमटत नाहीत, ती शाळा वेळ आल्यावर गावातल्या कुणालाच वाचवू शकत नाही.