वेशीवरची काठी

कुणाच्या आज्याच्या आज्यालाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी बाजाराचं एक गाव होतं. गावाला वेस एकच, आणि वेशीवर रखवालदारही एकच, म्हातारा. तीस वर्षं तो काठी घेऊन तिथं उभा होता. पण त्याची काठी उगाच कुणापुढं आडवी झाली नव्हती. याचा त्याला फार अभिमान.

त्या साली बैलचोऱ्या वाढल्या. नव्या कोतवालानं हुकूम काढला, "फाटका, दाढी वाढलेला दिसला की धरा."

बाजाराच्या दिवशी तसाच एक माणूस आला. अनवाणी, केसांत धूळ. वेशीतून जाणारा प्रत्येक बैल तो वाकून वाकून बघू लागला. कोतवालाच्या शिपायांनी त्याचं मानगूट धरलं.

"थांबा, बाबांनो," म्हातारा म्हणाला. "बैल निरखतोय, म्हणजे विचारायला हवंच. पण आधी विचारा तरी!" त्यानं त्या माणसापुढं पाण्याचा तांब्या धरला. "पाहुणं, काय शोधताय?"

"माझी जोडी चोरली हो. चार दिवस माग काढतोय. चोर ती विकायला इथंच आणणार."

"सोंग आहे! कोठडीत टाका," वेशीत उभा असलेला कोतवाल गरजला.

"सरकार, विचारलं, त्यानं सांगितलं. बसू द्या सावलीत. मी जामीन."

"आणि हाच चोर निघाला तर?"

"तर ही काठी तुमच्या पायाशी ठेवीन."

इतक्यात रेशमी पागोट्याचा एक जण गाडी हाकत आला. कोतवालानं हसून वाट दिली. म्हातारा मात्र बैलांकडं बघत होता. जागा चुकल्यासारखे दोघं एकमेकांना रेटत होते. काठी आडवी झाली.

"रामराम, मालक. रागावू नका. बैल अडखळतायत म्हणून विचारतो. यातला उजवीचा कोणता?"

"बैलाला कसली उजवी-डावी? दोन्ही सारखेच!"

बाजाराला आलेले शेतकरी एकमेकांकडं बघू लागले. उजवीला शिकवलेला बैल डावीला नीट चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सावलीतला माणूस ताडकन उठला. म्हाताऱ्यानं त्याला हातानंच गप्प केलं आणि बैल सोडले. दोघांनी आपणहून बाजू बदलल्या, जुवाखाली माना दिल्या.

"आता मारा हाक, पाहुणं."

"चांद्या!"

डावीचा बैल हंबरला. पागोटंवाला पळाला, पण शेतकऱ्यांनी त्याला वेशीतच धरलं.

कोतवालाची मान खाली गेली. "बाबा, उद्यापासून माझ्या शिपायांना तुम्ही शिकवा."

"त्यात शिकवायचं काय, सरकार? का अडवलं, ते त्या माणसाच्या तोंडावर सांगता आलं, तरच अडवायचं."

जोडी घेऊन पाहुणा निघाला, तेव्हा म्हातारा काठी उभी धरून, छाती काढून वेशीत उभा होता.

तात्पर्य: संशय माणसाच्या कपड्यांवरून नव्हे, वागण्यावरून घ्यावा, आणि धरण्याआधी मान राखून विचारावं.