सोनाक्काची फुंकर

तुमच्या आज्याला अजून मिसरूड फुटायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. दोणोली गाव चारी बाजूंनी डोंगरांत बुडालेलं, आणि बाहेर पडायला वाट एकच, बैलखिंडीची. त्या गावात सोनाक्का लोहारीण राहायची. तिच्याइतकी फटकळ बाई पंचक्रोशीत नव्हती, आणि तिच्यावाचून कुणाचं चालतही नव्हतं, कारण गावातली एकुलती एक मोटर तीच हाकायची.

मोटर मूळची एका लाकूडव्यापाऱ्याची. पांढरी, लांब नाकाची, म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं बगळी. वखार उठली तेव्हा बगळी काही केल्या सुरू होईना, म्हणून मालक तिला चिंचेखाली सोडून निघून गेला. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक दिवस सोनाक्कानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून नाक लावलं. "हिला काय धाड भरलेली न्हाई," ती म्हणाली, "पोट बिघडलंय नुसतं."

तिनं टाकी उतरवली. आत गंजाचे पापुद्रे नुसते खुळखुळत होते. तिनं ओढ्यातली बारीक खडी आणि थोडं रॉकेल आत घातलं, तोंड घट्ट बांधलं आणि टाकी चिंचेच्या फांदीला टांगली. बाया आळीपाळीनं तिला झोके देत होत्या आणि वर पाळणाही म्हणत होत्या. असं म्हणतात, की टाकीतून निघालेलं तांबडं पाणी ओढ्यापर्यंत वाहत गेलं आणि त्या साली ओढ्यातले खेकडे शिजवण्याआधीच लाल निघाले. खेकड्यांचं खेकड्यांना ठाऊक, बगळी मात्र सुरू झाली.

तेव्हापासून बगळीच्या पोटात काय जातं यावर सोनाक्काचा डोळा असे. शेळीचं मऊ कमावलेलं कातडं पेट्रोलमध्ये भिजवून ती नरसाळ्यात अंथरायची आणि डब्यातलं पेट्रोल त्यातूनच ओतायची. पेट्रोल खाली उतरायचं आणि त्यात पाण्याचा थेंब असला तर तो वरच अडायचा. झाकणाला दुसऱ्या कुणी हात लावला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्या वर्षी देवळाचा पुजारी म्हादबा गुरव फार काळजीत होता. त्याची लेक कौसा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची आई कधीच वारलेली, त्यामुळे आई-बाप दोन्ही म्हादबाच. बाळ आडवं आहे, कळा सुरू झाल्या की तडक तालुक्याच्या दवाखान्यात आणा, असं नर्सबाईनं बजावलं होतं. म्हणजे लेकीचा जीव खिंड ओलांडण्यावर होता, आणि खिंड ओलांडणं बगळीवर.

दसरा आला. बगळीला झेंडूचे हार पडले, नाकावर कुंकू लागलं. पण म्हादबाचं समाधान होईना. सगळे वरवर पूजा करतात, हिचा जीव तर आत आहे, असं त्याच्या मनात आलं. सोनाक्का सोनं लुटायला गेलेली पाहून त्यानं टाकीचं झाकण काढलं आणि डोळे मिटून तांब्याभर तीर्थ तुळशीसकट आत ओतलं. आता देवच आत बसला म्हटल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कौसाला कळा सुरू झाल्या. सपाटीवर बगळी झकास धावली. पण खिंडीतला उभा चढ लागला, टाकी कलली आणि तळाचं पाणी थेट नळीच्या तोंडाशी आलं. घोरपडीच्या वळणावर बगळी दोनदा खोकली आणि थांबली. वर ढग, खाली दरी, मागच्या सीटवर कौसा कण्हत होती. म्हादबानं आरतीसाठी खिशातून कापूर काढला.

"त्यो आत ठेवा," सोनाक्का गाडीखाली सरकत म्हणाली. "हितं पेट्रोल सांडणार हाय. देवाची ऱ्हाईल आन् आपलीच आरती हुईल."

तिनं टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून खाली कळशी धरली. पहिल्यांदा आलं ते स्वच्छ पाणी, आणि त्यामागून हळूच एक तुळशीचं पान. सोनाक्का पान तळहातावर घेऊन बाहेर आली. म्हादबानं हात जोडले.

"आक्का, लेकीसाठी केलं गं मी."

"कळलं मला. पर देवाला म्होरं बसवायचा असतो, म्हादबा. टाकीत कोंडत्यात व्हय त्याला?"

रडता रडता म्हादबाला हसू आलं. त्यानं कातडं धरलं, तिनं कळशीतलं पेट्रोल गाळून परत टाकीत घातलं. मग तिनं कार्बुरेटर खोलला. पेट्रोल जिथून इंजिनात शिंपडलं जातं ते भोक सुईच्या नेढ्याएवढं, आणि त्यातच पाण्याचा थेंब अडकलेला. तार घालावी तर भोक मोठं होऊन गाडी कायमची बिघडणार. राहिली नुसती फुंकर. तेवढ्यात कौसाला मोठी कळ आली आणि तिनं दातखीळ बसल्यागत श्वास धरून ठेवला.

"पोरी, दम कोंडू नगंस," सोनाक्का म्हणाली. "टाकी असू दे न्हाईतर पोट, कोंडलं की अडतं. मी हितं फुंकते, तू तितं फुंक."

दोघींनी एकदमच फुंकर घातली. असं म्हणतात, की खिंडीतले ढग फाटून ऊन पडलं, खाली दोणोलीत चुलींची राख उडाली, देवळातली घंटा आपोआप वाजली आणि कुणी हात न लावता बगळीचा भोंगा घुमला. पेट्रोल मातीत सांडून चूळभरच उरलं होतं. पुढचा अख्खा चढ बगळी नुसत्या वासावर चढली. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ वाटेतच सुलट झालं होतं. मुलगी झाली, आणि तिचा पहिला टाहो त्या भोंग्यासारखाच होता, असंही म्हणतात.

आता सोनाक्का नाही, बगळीही नाही. खिंडीत डांबरी रस्ता आहे आणि आताच्या गाड्यांत फुंकायला जागाच ठेवलेली नाही. तरी दोणोलीचा गुरव दसऱ्याला तीर्थ हातात घेण्याआधी "झाकणं लावली का रे?" असं विचारतो.

आणि गावातली बाई अडली की तालुक्याच्या दवाखान्यात नर्सना आधीच कळतं, दोणोलीची आली. ती आत फुंकत असते, आणि बाहेर व्हरांड्यात तिचा बाप, भाऊ, नवरा आणि गाडीचा ड्रायव्हर, सगळे गाल फुगवून तिच्या बरोबरीनं फुंकत उभे असतात.