पायी निघालेली मैना

आटपाट नगर होतं असं म्हणायची पद्धत आहे, पण हे नगर काही आटपाट नव्हतं. डोंगराच्या उतारावर वसलेलं, जिकडे जावं तिकडे पायऱ्याच पायऱ्या. या नगरात एक राणी होती, राणीची एक मैना होती, आणि नगराला एका गोष्टीचा भारी तोरा होता.

तोरा होता पक्ष्यांचा. घराघरात एक तरी पिंजरा असायचाच. कुणाचा पोपट, कुणाचा पारवा, कुणाची मुनिया. आणि वर्षातून एकदा असायची उघडणी. त्या दिवशी सगळं नगर आपापले पिंजरे घेऊन चौकात यायचं. दवंडीवाला ढोल वाजवायचा की सगळ्यांनी पिंजऱ्यांची दारं उघडायची, ती सूर्य मावळेपर्यंत उघडीच ठेवायची. उडेल तो पक्षी मोकळा, राहील तो त्या घरचा, असा नियम होता.

आणि गंमत बघा, आजवर उघडणीला एकही पक्षी उडून गेला नव्हता. दिवस मावळला की दवंडीवाला गळा ताणून ओरडायचा, "राहिले हो राहिले, सगळे राहिले!" मग लोक एकमेकांना मिठ्या मारायचे, गूळखोबरं वाटायचे. परगावचे व्यापारी तोंडात बोट घालायचे. म्हणायचे, काय या लोकांची माया! दार उघडं टाकलं तरी पाखरू हलत नाही.

आता खरं काय ते ऐका. उघडणीच्या आदल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घरात एक छोटी कात्री निघायची. त्याला कापणं म्हणत नसत. 'पिसं नीट करणं' म्हणत. दार लावून, पोरांना बाहेर पिटाळून, गुपचूप पिसं नीट केली जायची. आणि प्रत्येक घराला वाटायचं की कात्री फक्त आपल्याच घरात आहे. बाकीच्यांचे पक्षी खऱ्या मायेनं राहतात, आपल्यालाच मेलं हे करावं लागतं. त्यामुळे जो तो शरमेनं गप्प बसायचा, आणि चौकात सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवायचा.

राणीच्या महालातही कात्री होती. चांदीची होती, एवढाच काय तो फरक.

म्हणून राणी वाईट होती असं समजू नका. मैना पिल्लू असताना वादळात घरट्यातून पडली होती. राणीनं तिला पदरात उचललं, बोटानं भरवलं, ती आजारी पडली तेव्हा स्वतः जेवली नाही. राजा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मैना हेच तिचं घरदार. आणि मैनाही काही साधी नव्हती. काळीभोर, चकचकीत, डोळ्यांमागे पिवळी झालर, आणि जीभ तर विचारूच नका. मुदपाकखान्याच्या खिडकीत बसून आचाऱ्याच्या आवाजात ओरडायची, "भात लागला!" की आचारी धावत सुटायचा. सगळ्या नगरात राणीला अगंतुगं करणारी ती एकटीच, आणि राणीला तेच फार गोड वाटायचं.

त्या वर्षी मैनेची जुनी पिसं झडली आणि नवी आली, लांब, दाट. उघडणी जवळ आली तशी मैना राणीच्या खांद्यावर येऊन बसली.

"राणी, या वर्षी कापू नकोस."

राणीनं कानांवर हात ठेवले. "कापते कुठं गं? नीट करते. तू बाहेर हरवशील, ससाणा उचलेल, घार उचलेल. तुझ्याच भल्यासाठी करते ना?"

"मला डोंगर बघायचाय. वरून."

"आणि परत नाही आलीस तर?"

"तर तुला कळेल."

"काय कळेल?"

"ते मलाही अजून माहीत नाही," मैना म्हणाली. "मी कधी उडालेच नाहीये."

राणी हसली, मग रडली, मग मैनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "शब्द देते. या वर्षी कात्री नाही." मैनेचा तिच्यावर विश्वास बसला. का बसू नये? राणीनं तिला आजवर कधी शिळं फळसुद्धा दिलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी मैना आंघोळ करून सज्जात बसली होती. पंख पसरलेले, डोळे मिटलेले, अंगावर ऊन. राणी दारात उभी राहून बघत होती. एवढे मोठे पंख! उद्या या वेळी हा सज्जा रिकामा असला तर? तिनं ठरवलं, थोडंसंच. एकाच बाजूचं. शब्द काही पुरा मोडत नाही.

कात्रीचा आवाज झाला तशी मैनेनं डोळे उघडले. ती ओरडली नाही, चावली नाही. तिनं खाली पडलेल्या पिसांकडे बघितलं आणि मग राणीकडे बघितलं.

"उद्या तुला डाळिंब सोलून देईन हं," राणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौक फुलून गेला होता. ढोल वाजला, दारं उघडली. नेहमीसारखेच पक्षी बाहेर आले आणि नेहमीसारखेच मालकांच्या हातावर बसले. टाळ्या सुरू झाल्या. राणीनंही सोन्याच्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

मैना त्या हातावर बसली नाही. तिनं उंच चौथऱ्याच्या कडेवरून उडी घेतली. एका पंखानं हवा धरली, दुसरा कोलमडला, आणि ती गरगरत फरशीवर आपटली. टाळ्या थांबल्या. मैना उठली, पुन्हा झेपावली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर तिनं अंग झटकलं आणि कापलेला पंख सगळ्यांना दिसेल असा पसरला.

"नीट बघा," ती म्हणाली. "तुम्ही दरसाल ओरडता, राहिले हो राहिले. मी राहिले नव्हते. मला ठेवलं होतं."

राणीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

प्रधान पुढे सरसावला. "बाईसाहेबांची मैना आजारी दिसते. उचला तिला, आत न्या!"

"पंख नाहीत," मैना म्हणाली, "पण पाय आहेत."

आणि ती चालू लागली. गर्दीच्या मधून, वहाणांच्या मधून, टुणटुण पायऱ्या उतरत थेट नगराच्या वेशीकडे. असला प्रकार कुणी पाहिला नव्हता. पक्ष्यानं उडून जावं हे समजण्यासारखं आहे, पण पायी?

तेवढ्यात एका सराफाच्या हातावरचा पोपट खाली उतरला. "माझेही कापलेत," तो म्हणाला आणि मैनेच्या मागून चालू लागला. सराफ लाल झाला. त्यानं शेजारी बघितलं, तर शेजारणीचा पारवाही निघाला होता. मग मुनिया निघाल्या, मग आणखी पोपट, मग सगळेच. पंख सगळ्यांचेच आखूड. नगरातल्या माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे तुमच्याकडेही कात्री?" "अहो, मला वाटलं आमच्याकडेच!" एवढ्या वर्षांचं गुपित असं भर चौकात उघडं पडलं, आणि ते सगळ्यांचं एकच निघालं.

एक म्हातारा पोपट तेवढा त्यांच्यामागे गेला नाही. तो प्रधानाच्या सासूबाईंचा. त्यानं चौकावर एक घिरटी घातली, सगळ्यांच्या डोक्यावरून उडाला आणि पुन्हा त्यांच्या मांडीवर येऊन पेंगू लागला. त्याचे पंख कुणी कापलेच नव्हते.

"आजी, हा कसा राहिला?" राणीनं विचारलं.

"त्यालाच विचारा, बाईसाहेब," सासूबाई म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही. दार उघडंच असतं. दोनदा महिना महिना गेला होता मेला. तेव्हा मी खूप रडले. पण कात्री नाही घेतली."

इकडे पक्ष्यांची वरात वेशीपाशी पोचली. पण प्रधानानं आधीच निरोप धाडला होता. वेशीचा दरवाजा बंद, अडसर घातलेला, शिपाई आडवे उभे. मैना दरवाजासमोर थांबली. तिच्यामागे सगळे पक्षी थांबले आणि त्यांच्यामागे सगळं नगर.

राणी धापा टाकत पुढे आली. लोकांना वाटलं, आता ती मैनेला उचलून छातीशी धरणार. तिला तसंच वाटत होतं. तिचे हात पुढेही झाले.

"आज उघडणी आहे ना?" मैना म्हणाली. "मग उघड."

"बाहेर मांजरं आहेत गं. घारी आहेत."

"आहेत. आणि तू मला त्यांच्यापासून उडून सुटायला पंखही ठेवले नाहीस. तुझ्या भीतीची शिक्षा मला का? मी तुझ्यावर रागावलेय, राणी. खूप रागावलेय. तू भरवलंस म्हणून मी जगले, हे मला आठवतं. पण भरवलंस म्हणून मी तुझी मालमत्ता झाले नाही. उघड."

प्रधान कानाशी लागला, "बाईसाहेब, आज दरवाजा उघडला तर नगराची अब्रू जाईल."

राणीनं पुढे केलेले हात मागे घेतले. मग ती म्हणाली, "अब्रू कधीच गेली, प्रधानजी. आज फक्त दिसली." तिनं शिपायांना बाजूला केलं. अडसर जड होता, दोघांनी काढायचा. तिनं तो एकटीनं ओढला. हात सोलवटले, पण दरवाजा उघडला.

मैना बाहेर पडली. राणी तिच्या मागे चालू लागली.

"येतेस तर ये," मैना मागे न बघता म्हणाली, "पण उचलायचं नाही."

अशी ती वाट सुरू झाली. पुढे मैना, मागे अनवाणी राणी. वर घार दिसली की राणी पदर पसरायची, झुडपात मांजर हललं की दगड मारायची, पण मैनेला तिनं बोटही लावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती तिला सांभाळत होती आणि धरत नव्हती. हात नुसते शिवशिवत होते. मागून सराफ येत होता, शेजारीण येत होती, जो तो आपापल्या पाखराच्या मागे, मान खाली घालून.

डोंगराच्या पायथ्याशी उंबराचं मोठं झाड होतं. मैना चोचीनं, नखांनी, फांदीवरून फांदीवर चढत वरच्या ढोलीपाशी पोचली.

"परत येशील?" राणीनं खालून विचारलं.

"माहीत नाही."

आजवर राणीला हाच शब्द सहन होत नव्हता. ती झाडाखाली बसली आणि तिनं तो ऐकून घेतला.

पिसं पुन्हा येईपर्यंत राणी रोज त्या झाडाखाली येत राहिली. कधी मैना बोलायची, कधी पाठ फिरवून बसायची. माफी मागितली म्हणून मैनेनं लगेच माफ केलं नाही, आणि राणीनंही तसा हट्ट धरला नाही. ती मांजरं हाकलायची आणि घरी जायची. एक दिवस ती आली तर ढोली रिकामी होती. वर आभाळात एक काळा ठिपका डोंगर ओलांडून जाताना दिसला. राणी त्या दिवशी पोटभर रडली. पण खरं सांगायचं तर रडता रडता तिला हसूही येत होतं. किती उंच गेली होती कार्टी!

पुढच्या उघडणीला चौकात कितीतरी पिंजरे रिकामे होते. काही घरांत पाखरं परतली होती, काही घरांत नव्हती. राणी रिकामा हात पुढे करून चौथऱ्यावर बसली. प्रधान म्हणाला, हसतील लोक. राणी म्हणाली, हसू देत.

दुपार टळताना मुदपाकखान्याकडून आवाज आला, "भात लागला!" आचारी पातेल्याकडे पळाला. सगळ्यांनी माना वर केल्या. मैना राणीच्या तळहातावर उतरली. तिनं राणीच्या हातावरचा अडसराचा जुना वण चोचीनं चाचपला, राणीनं पदरातून काढलेलं एक पिकलं उंबर खाल्लं, डोंगरापलीकडे काय काय आहे ते भरभर सांगितलं. राणीची बोटं एकदा वळायला निघाली. मिटली नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत मैना उडून गेली.

दिवस मावळला. दवंडीवाला ढोल घेऊन उभा, पण ओरडायचं काय ते त्याला कळेना. "बाईसाहेब," तो म्हणाला, "मैना राहिली म्हणू, की गेली म्हणू?"

"म्हण," राणी म्हणाली, "आली होती."

तात्पर्य: पंख कापून जवळ ठेवलेलं कधीच आपलं नसतं. आणि ज्याचे पंख कापलेत, त्यानं विसरू नये, पाय अजून त्याचेच आहेत.