पाकिटाने केलेली बिस्किटं

"तुम्हीच सांगा, बाजारातलं तयार पाकीट फोडायचं, त्यात लोणी कालवायचं आणि वर ‘मी बिस्किटं केली’ म्हणायचं, हे खरं बोलणं झालं का?"

धनामाय वाती वळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"सांगा ना, माय," लीलाबाई म्हणाल्या.

तापीकाठच्या त्या लहानशा मठात लोक आपापलं दुखणं घेऊन येत. कुणाला झोप लागत नसे, कुणाचा भाऊ बोलत नसे. धनामाय सगळ्यांचं ऐकून घेई आणि बहुतेकांना एखादं काम सांगे. विहिरीचं पाणी आण. गाईचं अंग पूस. काम करून झालं की काहीजण बोलायला पुन्हा तिच्याजवळ बसत, काहीजण तसेच घरी जात.

लीलाबाई फालक मात्र परत न जाण्यासाठी आल्या होत्या. कपाटाच्या किल्ल्या देवघरात ठेवून, चार साड्या पिशवीत घालून त्या भुसावळहून निघाल्या होत्या. मुलगा स्टँडपर्यंत आला, दोनदा ‘आई, चल घरी’ म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घडलं होतं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. चार दिवसांपूर्वी सुनेच्या, हर्षदाच्या, माहेरची माणसं आली होती, तिची आई आणि भाऊ. लग्नानंतर पहिल्यांदाच. हर्षदाने त्यांच्यापुढे बिस्किटं ठेवली. तयार पिठाचं पाकीट आणून केलेली. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. हर्षदा तर स्वयंपाकघरात पाऊलही टाकत नव्हती.

कौतुक झालं आणि बोलणं बंद झालं, यांच्यामधलं काहीतरी लीलाबाईंनी गाळलं. धनामायने विचारलं नाही.

लीलाबाईंचा राग नुसता हट्टाचा नव्हता. तीस वर्षं दर दिवाळीला घरचं तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन त्या बेकरीच्या भट्टीवर जात. तिथल्या कारागिराला बाजूला सारून पीठ स्वतः मळत आणि नानकटाईचे दोन डबे भरून आणत. गल्लीत कुणाच्या घरी लग्न ठरलं तरी लीलाबाईंना बोलावणं येई. त्या घरात आता पाकिटाचं नाव होणार, हे त्यांना गिळता येत नव्हतं.

"मी सगळं सोडून आले, माय. मला इथेच ठेवून घ्या."

धनामायने त्यांच्या मांडीकडे पाहिलं. मांडीवर एक पाकीट होतं. हर्षदाने दोन आणली होती. त्यातलं उरलेलं लीलाबाई पुरावा म्हणून घेऊन आल्या होत्या.

"सगळं सोडलंस," धनामाय म्हणाली, "आणि हे तेवढं बरोबर घेतलंस."

लीलाबाई ओशाळल्या.

"वाच बघू काय लिहिलंय."

त्यांनी चष्मा लावला. पाकिटावर फार काही नव्हतंच. पिठात मऊ लोणी घाला, दोन चमचे दूध घाला, मळा, गोळे करून चपटे करा, पंधरा मिनिटं भाजा. वेगळं काही घालू नये.

"एवढं करून आण," धनामाय म्हणाली. "लिहिलंय तसं. मग राहा इथे, हवी तितकी वर्षं."

लीलाबाईंना हसू आलं, आणि थोडा अपमानही वाटला. एवढ्यासाठी का परीक्षा? हे तर सहावीतली मुलगी करील. पण त्या पदर खोचून उठल्या.

मठात भट्टी नव्हती. त्यांनी जाड बुडाचं पातेलं घेतलं, तळाशी नदीची वाळू पसरली, वाळूत एक वाटी उपडी ठेवली आणि चुलीत कपाशीच्या वाळक्या काड्या सारल्या. जिन्नस वाया जायला नको म्हणून पाकिटातलं तिसरा हिस्साच पीठ काढलं. दूधलोणी त्या मानाने.

मळताना त्यांचा हात थांबला. नुसतंच? वेलदोडा नाही, काही नाही? त्यांनी वेलदोडा कुटून घातला. फडताळात खाण्याचा सोडा दिसला, चिमूटभर तोही घातला. मग चव घेतली आणि साखर थोडी वाढवली.

ताटलीत सहा गोळे ठेवले होते. बाहेर निघाली ती एकच भाकर. सगळे गोळे पसरून एकमेकांत मिसळले होते.

धनामायने कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. तिने तोंड वाकडं केलं नाही, पण पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"काय काय घातलंस?"

लीलाबाईंनी खरं सांगितलं.

"सोडा त्यात आधीच असेल."

"असेल."

"पुन्हा कर."

दुसऱ्या वेळी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. वेलदोडा नाही, सोडा नाही, साखर नाही. पण पीठ मळायला घेतलं तर ते गोळाच होईना, बोटांतून भुरभुर सांडू लागलं. तीस वर्षं पीठ मळलेल्या हाताला हे कसं सहन व्हावं? त्यांनी आणखी दूध ओतलं. गोळा कसा छान झाला.

भाजून निघाले ते खडे. धनामायच्या तोंडात चारच दात होते. तिने एक बिस्किट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि ताटलीत परत ठेवलं. टण्ण असा आवाज झाला.

"पीठ कोरडं होतं, माय. हाताला कळतं ना."

"हाताला कळतं. पाकिटाला विचारलंस का?"

लीलाबाईंनी पाकीट पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. खाली, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ होती. पीठ सुरुवातीला कोरडं वाटेल. तळहाताने दाबत राहा.

त्या चुलीपाशी गेल्या.

उरलेलं पीठ त्यांनी परातीत घेतलं. लोणी घातलं, मोजून दूध घातलं. पीठ भुरभुरलं. त्यांनी तळहाताने दाबलं. पुन्हा दाबलं. हात दुधाच्या भांड्याकडे जात होता, तो त्यांनी मागे घेतला. कितीतरी वेळ काहीच होत नव्हतं. मग तळहाताच्या उबेने लोणी सुटत गेलं आणि पीठ हळूहळू धरू लागलं.

वाळू फार तापली म्हणून त्यांनी काड्या मागे ओढल्या. विस्तव मंदावला तेव्हा पुन्हा पुढे सारल्या. डोळ्यांत धूर जात होता. घड्याळ नव्हतं, म्हणून वासावर लक्ष ठेवून त्या चुलीसमोरच बसून राहिल्या. ताटली बाहेर काढताना चिमटा निसटला, आणि सगळं वाळूत पडेल म्हणून त्यांनी नुसत्या बोटांनी कड धरली. सोडली नाही.

ऊन उतरलं होतं. त्यांनी ताटली धनामायपुढे ठेवली. सहा बिस्किटं, कडेला किंचित तांबूस, मधोमध बारीक भेग.

धनामायने एक उचललं. दाबताच ते दोन बोटांत मोडलं. तिने चवीने, सावकाश खाल्लं.

"चांगलं झालंय, लीला."

"त्यात माझं काय?" लीलाबाई म्हणाल्या. "मी काहीच घातलं नाही. पाकिटाने केली."

धनामायने त्यांचा उजवा हात ओढून घेतला. पहिल्या दोन बोटांवर फोड टरारून आले होते. तिने ती बोटं तांब्यातल्या पाण्यात बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

"पाकिटाला बरंच भाजलं वाटतं," ती म्हणाली.

पाण्यात बोटं गार होत होती. लीलाबाईंना एकाएकी हर्षदाचा अंगठा आठवला. त्या दिवशी पाहुण्यांपुढे ताटली धरताना तिच्या अंगठ्यावर पांढरी टूथपेस्ट फासलेली होती. पोरीला हात धुवायचंही कळत नाही, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं. भाजल्यावर घरोघरी टूथपेस्ट लावतात, हे त्यांना काय माहीत नव्हतं?

मग त्यांनी दुपारी गाळलेलं सांगितलं. अडखळत, धनामायकडे न बघता. हर्षदाची आई बिस्किटांचं कौतुक करत होती, तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, ‘तुमच्या लेकीने नाही हो केली, पाकिटाने केली.’ हर्षदाची आई चहा अर्धा ठेवून उठली होती. हर्षदा ताटली तशीच हातात घेऊन आत गेली होती आणि आतून दार लागलं होतं.

धनामायने उरलेल्या लोण्यातलं थोडं बोटांवर लावलं नाही की कसली पाला-मुळी शोधली नाही. नुसतं पाणी बदललं.

"बोलल्याप्रमाणे तू राहू शकतेस," ती म्हणाली. "आतली खोली रिकामी आहे."

तिने तांब्या बाजूला सारला.

"एक सांग. तुझ्यापुढे ताटली धरली तेव्हा पोरगी काय म्हणाली?"

"म्हणाली, ‘आई, मी केलीत. खाऊन बघा.’"

"मग? कशी लागली?"

लीलाबाई भिजलेली बोटं पदराला पुसू लागल्या.

"लीला?"

"मी खाल्लंच नाही, माय."

धनामायने पुन्हा वातींचा कापूस मांडीवर घेतला.

"मग ती अजून ताटली धरून उभी असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई साडेसहाच्या एसटीने भुसावळला परत गेल्या.